पावणेसात पौंड

१

कासव आपल्या वाङ्मयात जागोजागी भेटते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अवयव आत ओढून घेणारे कासव स्थितप्रज्ञाची उपमा म्हणून येते. दशावतारांत त्याला मत्स्यानंतरचे स्थान आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांत गाभाऱ्यासमोरच्या फरशीत ते कोरलेले असते आणि त्याला हात लावूनच भाविक पुढे जातो. संतसाहित्यातली कासवी तर विलक्षणच आहे. ती पिल्लांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. दूर राहून नुसत्या दृष्टीने त्यांना वाढवते. गुरुकृपेसाठी याहून नेमकी उपमा सापडणे कठीण. प्रत्यक्षात कासवाची मादी अंडी पुरते आणि निघून जाते, हे प्राणिशास्त्र आपल्याला सांगते. पण उपमेचे सत्य तपासण्याची ती जागा नव्हे.

या सर्व कासवांत एक गोष्ट समान आहे. त्यांपैकी एकाचेही वजन कधी कोणी केलेले नाही. तसे करण्याचे कारणही नव्हते, कारण उपमेतले कासव वाढत नाही, रोडावत नाही, आजारी पडत नाही. ते कायमचे पूर्ण असते. कासवाला तराजूत ठेवावेसे वाटणे याचा अर्थ त्याला उपमेतून बाहेर काढून एक विशिष्ट, एकमेव आणि मर्त्य प्राणी म्हणून पाहणे. हे पाहणे कधी आणि कसे सुरू झाले, त्यातून काय कळले आणि काय निसटले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो प्राणिशास्त्राचा वाटला तरी वाङ्मयाच्या अभ्यासकाला परका नाही. कारण ज्या माणसाने पाळीव कासवाच्या वजनाच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या, तो इंग्रजी गद्याच्या इतिहासातला एक महत्त्वाचा लेखक होता, आणि त्याच्या लेखनात त्या नोंदींचे स्थान काय, हा प्रश्न शेवटी वाचनाचाच प्रश्न आहे.

२

गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) हा इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यातल्या सेल्बर्न या खेड्यात राहणारा धर्मोपदेशक. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजचा तो फेलो होता, पण आयुष्याचा बहुतेक काळ त्याने जन्मगावीच काढला. १७८९ मध्ये त्याचे ‘द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेल्बर्न’ हे पुस्तक निघाले. टॉमस पेनन्ट आणि डेन्स बॅरिंग्टन या दोन अभ्यासकांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात एका गावाचे पक्षी, झाडे, कीटक, पाऊस आणि ऋतू त्यात मांडलेले आहेत. तेव्हापासून हे पुस्तक सतत छापले जात आहे.

या पत्रांत एक कासव आहे. ते मूळचे व्हाइटचे नव्हे, त्याच्या आत्याचे. रिबेका स्नूक ही त्याची आत्या ससेक्समध्ये लूइस गावाजवळच्या रिंगमर येथे राहत असे. तिच्या घराच्या भिंतीने वेढलेल्या लहानशा अंगणात हे कासव होते. व्हाइटने १७७० च्या सुमारास त्याच्याविषयी लिहिले, तेव्हा त्याला तेथे तीस वर्षे होऊन गेली होती. नोव्हेंबरच्या मध्याला ते जमिनीत शिरे आणि एप्रिलच्या मध्याला बाहेर येई. इतकी वर्षे त्याला खाऊ घालणारी म्हातारी दिसली, की ते आपल्या बेढब चालीने तिच्याकडे लगबगीने निघे. परक्या माणसांकडे मात्र ढुंकूनही पाहत नसे. मार्च १७८० मध्ये आत्या वारली. व्हाइटने शीतनिद्रेतले कासव उकरून काढले, मातीसह पेटीत घातले आणि घोडागाडीतून ऐंशी मैलांचा प्रवास करून सेल्बर्नला आणले. त्याचे नाव टिमोथी.

इंग्लंडमध्ये कासव पाळण्याची ही पहिली वेळ नव्हती. कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम लॉड याचे कासव लंडनच्या लँबेथ राजवाड्यात १६३३ पासून सव्वाशे वर्षांच्या आसपास जगले आणि माळ्याच्या हलगर्जीपणाने मेले, असे सांगितले जाते. पण ती कथा दीर्घायुष्याची आहे. लॉडचे कासव किती जगले याचे लोकांना कुतूहल होते. ते कसे जगले, उन्हाळ्यात किती भरले आणि हिवाळ्यात किती उतरले, हा प्रश्न त्यात नाही. दीर्घायुष्य हा चमत्काराचा विषय असतो, तर वजनाचा चढउतार हा निरीक्षणाचा.

निरीक्षणाची ही सवय व्हाइटला कोठून लागली असावी? तराजूचा इतिहास पाहिला तर याचे उत्तर सेल्बर्नच्या शेजारीच सापडते. सजीवाचे वजन पुन्हापुन्हा करून त्याच्या आतल्या व्यवहाराचा अंदाज घेण्याची कल्पना इटालियन वैद्य सँटोरिओ याची. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून त्याने वर्षानुवर्षे आपले अन्न, उत्सर्जन आणि शरीर यांची वजने केली आणि १६१४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. खाल्लेल्या अन्नापैकी बराच भाग दिसत नाही अशा वाटेने शरीराबाहेर जातो, हे त्याला या वजनांवरून कळले. पुढे शंभरेक वर्षांनी स्टीव्हन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने हीच युक्ती वनस्पतींना लावली. कुंडीतल्या सूर्यफुलाचे सकाळ-संध्याकाळ वजन करून झाड पानांवाटे किती पाणी सोडते हे त्याने मोजले, आणि १७२७ मध्ये ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ या ग्रंथात ते प्रसिद्ध केले. हा हेल्स सेल्बर्नला लागून असलेल्या फॅरिंग्डन गावचा रेक्टर होता. व्हाइटच्या घराण्याशी त्याचा परिचय होता, आणि त्याच फॅरिंग्डनमध्ये व्हाइटने पुढे अनेक वर्षे धर्मोपदेशकाचे काम केले. सूर्यफुलाची कुंडी आणि आत्याचे कासव यांच्यात वाटते तितके अंतर नाही.

३

व्हाइटच्या लेखनाचे दोन थर आहेत. एक पुस्तकातली पत्रे आणि दुसरा रोजनिशी. बॅरिंग्टनने निसर्गनिरीक्षकांसाठी छापील रकान्यांची एक वही तयार केली होती. तापमान, वायुभार, वारा, पाऊस, कोणते झाड फुटले, कोणता पक्षी आला आणि शेवटी ‘इतर’. अशी वही व्हाइटने १७६८ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे भरली. पत्रे ही घडवलेली, पुन्हा लिहिलेली, वाचकाला समोर ठेवून रचलेली आहेत. रोजनिशीतल्या नोंदी तुटक, अनेकदा क्रियापदावाचूनच्या आहेत. कासवाचे चालणे, त्याचा पावसाचा धसका, त्याची खादाडी ही पत्रांत रंगून येते. त्याच्या वजनाची जागा मुख्यतः रोजनिशीत आहे.

रिंगमरच्या भेटींतच व्हाइट कासवाचे वजन करू लागला होता. ते पावणेसात पौंडांच्या आसपास भरले, आजच्या हिशेबाने सुमारे तीन किलो. पुढच्या भेटीत पुन्हा वजन केले, आणि गेल्या वर्षी याच सुमारास होते त्यापेक्षा ते मुळीच वाढलेले नाही असे नोंदवले. सेल्बर्नला आणल्यावर वसंतात जमिनीतून बाहेर आल्यानंतर आणि शरदात पुन्हा आत जाण्यापूर्वी वजन करण्याचा परिपाठ पडला. आकडे औंसांच्या हिशेबात वरखाली होत, पण पावणेसात पौंडांचा परिसर सोडून फारसे दूर जात नसत.

हे निष्पन्न वरकरणी निरस आहे. प्राणी पाळला, वर्षानुवर्षे तोलला आणि काहीच घडले नाही. पण या ‘काहीच घडले नाही’ मध्ये व्हाइटला एक खरे कोडे दिसले असले पाहिजे. हाच प्राणी उन्हाळ्यात काकड्या आणि शेंगा अधाशासारख्या गिळतो. मग ते अन्न जाते कोठे? आणि हाच प्राणी पाच महिने अन्नपाण्यावाचून जमिनीत पडून असतो. मग तो खंगत कसा नाही? शीतनिद्रा घेणाऱ्या उष्ण रक्ताच्या लहान प्राण्यांचे, उदाहरणार्थ साळिंदरासारख्या दिसणाऱ्या पण कितीतरी लहान अशा हेजहॉगचे, वजन हिवाळ्यात बरेच घटते. कासवाचे फार थोडे घटते. आज आपण याचे कारण सांगू शकतो. कासव शरीर तापवण्यासाठी अन्न जाळत नाही. त्याचे शरीर भोवतालच्या मातीइतके थंड होते, त्या तापमानाला जीवनव्यवहार अगदी मंदावतो आणि म्हणून खर्चही नाममात्र होतो. शिवाय प्रौढ कासवाची वाढ जवळजवळ थांबलेली असते. उन्हाळ्यातली मिळकत आणि हिवाळ्यातला खर्च यांचा मेळ बसला की वर्षाच्या शेवटी काटा पूर्वीच्याच ठिकाणी येतो. व्हाइटपाशी हे स्पष्टीकरण नव्हते. त्याच्यापाशी आकडे होते, आणि त्या आकड्यांशी तो प्रामाणिक राहिला.

एकट्या आकड्याला येथे अर्थ नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. ‘पावणेसात पौंड’ ही एक नोंद घेतली तर तिच्यातून काहीच कळत नाही. पंधरा-वीस वर्षांच्या नोंदी एकापुढे एक ठेवल्या म्हणजे त्या बोलू लागतात. शिवाय ही तुलना एका कासवाची दुसऱ्या कासवाशी नाही. गेल्या वर्षीच्या टिमोथीची यंदाच्या टिमोथीशी आहे. एखाद्या जिवाचे मोजमाप त्याच्याच पूर्वायुष्याच्या आधारे करायचे, ही दृष्टी चरित्रकाराची आहे. पत्रांत व्हाइट टिमोथीचे व्यक्तिचित्र रेखाटतो. त्याच्या चरित्राची सामग्री मात्र रोजनिशीच्या आकड्यांत साठत राहते.

४

व्यक्तिचित्रकार व्हाइट किती वेळा चुकला, हे पाहिले म्हणजे या सामग्रीचे मोल लक्षात येते.

१७८० च्या पत्रात, कासव घरी आणल्यानंतर अवघ्या महिनाभराने, तो एक प्रसिद्ध चिंतन करतो. आयुष्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग आनंदहीन गुंगीत घालवणाऱ्या या प्राण्याला ईश्वराने इतके उदंड दिवस का बहाल केले असावेत, असे त्याला वाटते. ही दीर्घायुष्याची उधळपट्टीच नव्हे काय? येथे कासव पुन्हा प्रतीक झाले आहे, फक्त उलट दिशेने. गीतेत जे आवरून घेणे ज्ञानाची खूण होते, तेच येथे जडतेची खूण ठरते.

मात्र पुढची तेरा वर्षे हे कासव त्याच्या बागेत होते आणि त्याचा सूर बदलत गेला. टिमोथीला त्याने पाण्याच्या टबात सोडून पाहिले. ते हळूहळू बुडाले आणि तळावर भांबावून चालू लागले, तेव्हा हा जलचर नव्हे अशी नोंद झाली. कर्ण्यातून त्याच्या नावाने ओरडून पाहिले. त्याने लक्ष दिले नाही. शरदात ते भिंतीला टेकून आपले कवच तिरपे करते आणि त्यामुळे उतरत्या सूर्याची किरणे त्याच्यावर अधिक सरळ पडतात, हे व्हाइटने टिपले आणि भूमिती न शिकता ती वापरणाऱ्या या जिवाचे कौतुक केले. आपण ज्याला क्षुद्र सरपटणारा प्राणी म्हणतो, त्याच्या बुद्धीची किंमत आपण फार कमी करतो, असे तो लिहू लागला. ऑगस्ट १७८४ मध्ये तर त्याने हेकी मल्सो या मित्राच्या मुलीला टिमोथीच्याच नावाने पत्र लिहिले. त्यात कासव आपली जन्मकथा सांगते, आपल्यावर होणाऱ्या प्रयोगांची तक्रार करते आणि स्वतःला सृष्टीचे स्वामी समजणाऱ्या माणसांच्या अहंकारावर नापसंती व्यक्त करते. तोलणारा माणूस क्षणभर तराजूच्या पारड्यात जाऊन बसला आहे, असे हे पत्र वाचताना वाटते.

या पत्रात टिमोथीचा जन्म अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला सांगितला आहे. ती कल्पनेची गंमत होती. टिमोथी भूमध्य समुद्राभोवतीच्या ‘टेस्टुडो ग्रेका’ जातीचे होते, आणि रोजनिशीत व्हाइटने स्वतःच ते ओळखले होते. खरी चूक वेगळीच होती. दर वर्षी मे-जूनमध्ये टिमोथी अस्वस्थ होई, पहाटेपासून बागेच्या कडेकडेने हिंडे, फटी शोधे. १७८४ च्या त्याच उन्हाळ्यापूर्वी ते फाटकातून निसटले आणि आठवड्याहून अधिक काळ सापडलेच नाही. व्हाइटने याचा अर्थ लावला तो प्रेमाच्या ओढीचा: हा नर जोडीदारणीच्या शोधात आपले नेहमीचे गांभीर्य विसरला आहे.

टिमोथी नर नव्हते. ते १७९४ च्या वसंतात, व्हाइटच्या मृत्यूनंतर साधारण वर्षाने मेले. त्याचे कवच जपले गेले आणि पुढे ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात आले. १८३० च्या दशकात ई. टी. बेनेट या प्राणिशास्त्रज्ञाने त्याच कवचावरून ‘टेस्टुडो व्हाइटी’ अशी स्वतंत्र जात मानून निरीक्षकाचे नाव निरीक्षिताला दिले. कवचाच्या अभ्यासातून कळले ते हे की टिमोथी मादी होती. कासवाची मादी उन्हाळ्याच्या तोंडाला अंडी पुरण्याजोगी जागा शोधत हिंडते. व्हाइटला जी प्रियाराधनाची भटकंती वाटली, ती अशा शोधाची असणे अधिक संभवते.

ही चूक एकट्या व्हाइटची नाही. १८५४ मध्ये एका पोर्तुगीज जहाजावर सापडलेले आणि क्रिमियन युद्धात ब्रिटिश युद्धनौकेवर असलेले एक कासव पुढे डेव्हनमधल्या पावडरहॅम किल्ल्यात राहिले. त्याचेही नाव टिमोथी. १९२६ मध्ये त्याची जोडी लावण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा ती मादी असल्याचे उघड झाले. ती २००४ पर्यंत जगली. बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात १९६३ मध्ये आलेल्या कासवाचे नाव फ्रेड ठेवले होते, ते लवकरच बदलून फ्रेडा करावे लागले. कासवाला नाव देताना इंग्रजी भाषेला ‘ही’ किंवा ‘शी’ निवडावे लागते, आणि सवयीने ती ‘ही’ निवडते. मराठी ‘कासव’ नपुंसकलिंगी असल्यामुळे निदान या एका बाबतीत आपण निर्णय पुढे ढकलू शकतो. संतांनी मात्र तो ढकलला नाही. त्यांनी मुद्दाम ‘कासवी’ म्हटले.

येथे तराजूची मर्यादाही मान्य करावी लागते. ज्याच्यावर इतकी वर्षे काट्याची नजर होती, त्या जिवाचे लिंग त्या नजरेला दिसले नाही. तराजू विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. पण त्याची थोरवी अशी की न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो बनवून सांगत नाही. प्रेमवेड्या नराची कथा आज मोडून पडली आहे, वाया गेलेल्या दीर्घायुष्याचे चिंतन स्वतः व्हाइटनेच मागे टाकले. पावणेसात पौंड मात्र मादीलाही तितकेच लागू आहेत.

५

विसाव्या शतकात कासवाचे वजन करण्याचे कारण बदलले, आणि या बदलामागे एक दुःखद इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत मोरोक्को आणि भूमध्य समुद्राकाठचे इतर देश येथून दर वर्षी जंगलातली कासवे पकडून ब्रिटनमध्ये आणली जात. ती पेट्यांत रचून जहाजाने येत आणि दुकानांत स्वस्तात विकली जात. मुलांसाठी सोयीचा प्राणी: भुंकत नाही, चावत नाही, हिवाळ्यात पेटीत घातले की वसंतापर्यंत काळजी नाही. यांतली बहुतेक कासवे पहिल्या एक-दोन हिवाळ्यांतच मरत. उत्तर आफ्रिकेच्या उन्हावर वाढलेला प्राणी इंग्लंडच्या ओल्या, ढगाळ उन्हाळ्यात पुरेसे खात नसे. अर्धपोटी अवस्थेतच शीतनिद्रेची पेटी येई. वसंतात पेटी उघडली की आत मेलेले कासव निघे, आणि ते झोपेतच गेले अशी समजूत करून घेऊन पुढच्या वर्षी दुसरे आणले जाई.

ऑलिफंट जॅक्सन या ब्रिटिश पशुवैद्याने १९८० मध्ये ‘जर्नल ऑफ स्मॉल अ‍ॅनिमल प्रॅक्टिस’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. टेस्टुडो ग्रेका आणि टेस्टुडो हर्मानी या दोन जातींच्या कासवांची लांबी आणि वजन यांचा आरोग्याशी काय संबंध आहे, हा त्याचा विषय. निरोगी कासवाचे वजन त्याच्या कवचाच्या लांबीच्या मानाने किती असावे, याचा आलेख त्याने मांडला. एका विशिष्ट रेषेच्या खाली असलेल्या कासवाला शीतनिद्रेत जाऊ देणे म्हणजे त्याला मरणाकडे ढकलणे, हे त्यातून पाळणाऱ्यांच्या लक्षात आले. ‘जॅक्सन रेशो’ या नावाने हा आलेख ओळखला जाऊ लागला. त्यानंतर चार वर्षांनी, १९८४ पासून, युरोपीय आर्थिक समुदायाने या कासवांची व्यापारी आयात बंद केली. आता आधी आणलेली कासवे जगवणे हाच मार्ग उरला, आणि कासव असलेल्या घरांत पट्टी आणि वजनकाटा आला.

या आलेखामागचे गणित जुने आहे. आकार तोच ठेवून लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, आठपट होते. हे गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडले होते, आणि वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना ते स्विफ्टच्या पुस्तकातून ठाऊक असते. लिलिपुटचे गणिती गलिव्हरची उंची आपल्या बारापट आहे असे मोजून त्याच्या शिध्यासाठी बाराचा घन करतात. म्हणूनच कासवाची लांबी कवचाच्या वळणावरून फीत लावून घेत नाहीत; पुढे-मागे दोन ठोकळे ठेवून त्यांच्यातले सरळ अंतर घेतात. लांबीतली लहानशी चूक घनात मोठी होते.

व्हाइटची पद्धत आणि जॅक्सनची पद्धत यांतला फरक येथे स्पष्ट होतो. व्हाइटने एका कासवाची तुलना त्याच्या स्वतःशी केली, जॅक्सनने प्रत्येक कासवाची तुलना सर्वांच्या सरासरीशी. वर्षाला हजारोंनी मरणाऱ्या, ज्यांचा पूर्वेतिहास मालकालाही माहीत नाही अशा प्राण्यांसाठी दुसरी पद्धत आवश्यकच होती. ज्याची रोजनिशी नाही त्याला आलेखच वाचवू शकतो. पण पुढच्या काळात पाळणाऱ्यांना आणि पशुवैद्यांना आलेखाच्या मर्यादाही कळल्या. तो दोनच जातींवर बेतलेला आहे, इतर जातींच्या कवचाची ठेवण निराळी असते. मूत्राशय भरलेले कासव जड भरते. अंगात पाणी साचलेले आजारी कासव जड भरते. पोटात अंडी असलेली मादीही जड भरते. तीन निरनिराळ्या अवस्था आणि काट्यावर आकडा एकच. म्हणून आज जाणकार पुन्हा व्हाइटच्या वाटेकडे वळलेले दिसतात. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, शक्यतो एकाच वेळी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन घ्यावे आणि मागच्या नोंदीशी ताडावे. शीतनिद्रेत महिन्याला साधारण एक टक्क्याच्या आत घट असावी. एकूण घट दहा टक्क्यांकडे जाऊ लागली, किंवा कासवाने झोपेत मूत्र सोडून वजन एकाएकी उतरले, तर त्याला उठवावे. हा सल्ला मालिकेवर उभा आहे.

वाढ ही नेहमी चांगलीच असते, हा समजही या मोजणीने मोडला. बंदिस्त जागेत भरपूर खाऊन पिल्ले झपाट्याने वजन धरतात, आणि पुष्कळदा त्यांच्या कवचावर उंचवटे येतात, जणू प्रत्येक खवल्याचा एक छोटा पिरॅमिड. याचे खापर दीर्घकाळ प्रथिनांवर फोडले जात होते. आफ्रिकेतल्या सुल्काटा कासवांवरच्या २००३ मधील एका अभ्यासात हवेच्या कोरडेपणाचा वाटा त्याहून मोठा दिसून आला. काट्यावर उत्तम दिसणारे पिल्लू कोरड्या हवेत बिघडत असू शकते, हे काटा एकट्याने सांगत नाही. त्यासाठी कवचाकडेही पाहावे लागते.

६

रोजनिशीतल्या नोंदींना वाङ्मयीन वाचक मिळायला बराच काळ जावा लागला. १९४६ मध्ये कादंबरीकार आणि कवयित्री सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर हिने व्हाइटच्या रोजनिशीतून आणि पत्रांतून टिमोथीविषयीचा मजकूर वेचून ‘द पोर्ट्रेट ऑफ अ टॉर्टॉइज’ हे छोटे पुस्तक संपादित केले. पाऊस, तापमान आणि पक्षी यांच्यामध्ये विखुरलेल्या नोंदी सलग आल्या आणि वजनांच्या मालिकेला प्रथमच एका जिवाच्या कथेचे रूप मिळाले. २००६ मध्ये अमेरिकन लेखक व्हर्लिन क्लिंकनबोर्ग याने ‘टिमोथी’ या पुस्तकात निवेदन कासवाकडेच सोपवले, आणि हे निवेदन मादीचे आहे. व्हाइटच्या १७८४ च्या पत्रातला खेळ त्याने पुढे नेला. पाहणाऱ्याला पाहिले जात आहे ही जाणीव त्यात केंद्रस्थानी आली. ही दोन्ही पुस्तके उभी आहेत ती व्हाइटने पत्रांत रंगवलेल्या चिंतनाइतकीच त्याने रोजनिशीत टिपून ठेवलेल्या कोरड्या तपशिलांवर. वाङ्मयाच्या वर्गात आपण घडवलेल्या गद्याला मान देतो आणि कच्च्या टिपणांना संदर्भसाहित्य म्हणतो. टिमोथीच्या बाबतीत उत्तरकालीन लेखकांना नव्याने लिहिण्याची जागा या टिपणांनीच दिली, कारण त्यांत अर्थ आधीच लावून टाकलेला नव्हता.

मराठी वाचकाने येथे एक व्यावहारिक भेद लक्षात ठेवावा. ब्रिटनमध्ये कायदेशीर कागदपत्रांसह कासव पाळता येते. आपल्याकडची देशी कासवे घरात ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. कवचावर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले स्टार कासव हे तस्करीचे मोठे लक्ष्य आहे. मुंबई आणि चेन्नईच्या विमानतळांवर ही कासवे सामानात दडपलेल्या अवस्थेत वारंवार सापडली आहेत, आणि २०१९ मध्ये त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंधन आले. घरात जिवंत कासव असले की लक्ष्मी नांदते, या समजुतीने ती विकत घेणारी माणसेही आहेत. त्यांच्या घरातले कासव पुन्हा प्रतीकच असते. त्याच्याकडून भाग्याची अपेक्षा असते. ते गेल्या महिन्यापेक्षा हलके झाले आहे का, हा प्रश्न कोणाला पडत नाही. मोरोक्कोहून आलेल्या पेट्यांत जे घडले तेच येथेही घडते.

कासवीच्या दृष्टीने पिल्ले वाढतात, ही आपली जुनी कल्पना या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. तिच्यात दृष्टी आणि वाढ यांचा संबंध कार्यकारणाचा आहे: पाहिले म्हणून वाढले. व्हाइटच्या दृष्टीने टिमोथीचे वजन एका औंसानेही वाढले नाही. ती दृष्टी कासवाला बदलू पाहत नव्हती, आणि पहिल्या वर्षी वाढ दिसली नाही म्हणून ती दुसरीकडे वळलीही नाही. बदलला तो पाहणारा: वाया गेलेल्या आयुष्याबद्दल हळहळणारा व्हाइट चार वर्षांत त्याच कासवाच्या बाजूने माणसांची थट्टा करू लागला. वाढीच्या शोधात असलेल्या आजच्या मोजमापांच्या जगात, काहीही न वाढणाऱ्या जिवापाशी दर वसंतात आणि दर शरदात तराजू घेऊन जाणे, हा मला त्या माणसाच्या लेखनाइतकाच मोलाचा वारसा वाटतो.

जून १७९३ मध्ये व्हाइट वारला आणि त्याच महिन्यात रोजनिशी थांबली. टिमोथी त्या शरदात नेहमीप्रमाणे मातीत शिरण्याच्या तयारीला लागले असेल. त्याचे पाय घड्याळाच्या तासकाट्याहून थोड्याच अधिक वेगाने माती मागे सारतात, असे व्हाइटने कधीकाळी लिहिले होते. व्हाइटच्या वहीत मात्र त्या शरदाच्या वजनाची नोंद नाही.